पोस्टकार्डाला संरक्षण, माणसाला का नाही?

आमचा सिंधुदुर्ग जिल्हा देशातला पहिला ‘एआय जिल्हा’ झाला, अशी दवंडी २०२५ मध्ये पिटण्यात आली. पालकमंत्री नितेश राणे यांनी ती पिटली, वर्तमानपत्रांनी रकाने भरून छापली आणि दिल्लीच्या नीती आयोगानेही दखल घेतली. जिल्ह्याचा कारभार आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणार, आरोग्य, वन, परिवहन, पोलिस सगळे एका यंत्राशी जोडले जाणार, असे सांगण्यात आले. ज्या जिल्ह्यातला रुग्ण आजही डॉक्टर नाही म्हणून गोव्याच्या बांबोळीला न्यावा लागतो, त्या जिल्ह्याला यंत्राची बुद्धी मिळणार असेल तर आनंदच आहे. मालवणच्या राजकोटावर ४ डिसेंबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते अनावरण झालेला शिवरायांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, तेव्हा ते काम कसे झाले हे कोणत्या यंत्राने पाहिले होते, असा प्रश्न आम्ही येथे विचारत नाही. असो.

आम्ही विचारतो तो प्रश्न वेगळा आहे. हे काम ज्या ‘मार्वल’च्या मदतीने होत आहे, ती संस्था मुळात कशासाठी जन्माला आली? राज्य शासनाने मार्च २०२४ मध्ये नागपुरात ही कंपनी स्थापन केली. तिच्या लांबलचक इंग्रजी नावाचा मराठीत अर्थ लावायचा तर ‘कायद्याच्या अंमलबजावणीसाठी संशोधन आणि दक्षता’ असा होतो. म्हणजे ती पोलिसांसाठी काढलेली कंपनी आहे. पोलिसांच्या घरात जन्मलेले यंत्र आता आमच्या दवाखान्याच्या, आमच्या गाडीच्या आणि आमच्या जंगलाच्या कागदांवर बसणार. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये मुंबईत मायक्रोसॉफ्टच्या कार्यक्रमात असेही जाहीर झाले की, नागपुरातील २३ पोलिस ठाण्यांत चालणारी ‘महाक्राइमओएस’ ही तपासाची प्रणाली राज्यातील सर्व १,१०० ठाण्यांत नेणार. तपास लवकर लागावा, गुन्हेगार सापडावा, याला कोणाचा विरोध असेल? आमचा तर नाहीच. पण कोणाला कोणाबद्दल काय पाहता येईल, किती दिवस पाहता येईल, आणि पाहण्याआधी कोणाची परवानगी घ्यावी लागेल, हे या सगळ्या गाजावाजात कोणी सांगितले काय?

ही शंका आम्हाला पुस्तके वाचून आली नाही. आमच्या एका पक्षकाराने ती आमच्या टेबलावर आणून ठेवली.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. किनाऱ्यापासून आत, खाडीच्या कडेला एक गाव आहे. तिथे एका बंद घराचे कुलूप फोडून चोरी झाली. तपासासाठी त्या रात्री तिथल्या मोबाइल टॉवरवर जेवढे नंबर होते, तेवढ्यांची यादी पोलिसांनी कंपनीकडून मागवली. पोलिसांच्या भाषेत याला ‘टॉवर डम्प’ म्हणतात. यादीत शेकडो नंबर होते. त्यात खोत होते, सरपंच होते, शाळामास्तर होते, मुंबईहून सुट्टीला आलेले चाकरमानी होते. ठाण्यात बोलावणे आले ते मात्र तीन पोरांना, आणि तिघेही बौद्धवाडीतले! त्यातला एक तारकर्लीला पर्यटकांना समुद्राखाली नेणाऱ्या बोटीवर कामाला. त्याला दोन दिवस ‘चौकशीसाठी’ बसवून ठेवले. अटक दाखवली नाही, नोटीस दिली नाही, मोबाइल तेवढा काढून घेतला. आम्ही ठाण्यात पोहोचलो तेव्हा त्याची आई बाहेरच्या बाकावर बसलेली. ती आम्हाला म्हणाली, “भाऊ, माझो झील घरातच निजलेलो. मोबाइल सांगता ता खरा आणि आवस सांगता ता खोटा?”

मोबाइल काय सांगतो, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. टॉवरची नोंद म्हणजे नकाशावरचा ठिपका नव्हे. टॉवरवर साधारण तीन दिशांना तोंड केलेले अँटेना असतात. नोंद एवढेच सांगते की अमुक फोन अमुक वेळी अमुक दिशेच्या अँटेनाला जोडलेला होता. शहरात त्याची कक्षा काहीशे मीटर असते, खेड्यात ती कित्येक किलोमीटर होते. त्यात आमचे कोकण! मध्ये डोंगर आला की जवळच्या टॉवरचे नेटवर्क जाते आणि खाडीपलीकडचा टॉवर फोन पकडतो. आमच्याकडे एकाच घराच्या पडवीत एक टॉवर आणि मागल्या दारी दुसरा टॉवर मिळतो, हे प्रत्येकाला माहीत आहे. त्या टॉवरच्या कक्षेत तो चोरी झालेला बंगला होता, तशी बौद्धवाडीही होती. पोरगा आपल्या घरात झोपला हाच त्याचा गुन्हा ठरला.

मग शेकडो नंबरांतून हे तीनच का निवडले? त्यातल्या एकाचे नाव काही वर्षांपूर्वी जयंतीच्या फलकावरून झालेल्या वादात ठाण्याच्या वहीत चढले होते. पुढे त्या प्रकरणात काहीच निघाले नाही, पण वहीतले नाव तसेच राहिले. बाकीचे दोघे त्याचे मित्र. आम्ही विचारले, लोकेशन कोणाच्या हुकुमाने काढले, तो कागद दाखवा. उत्तर मिळाले, “साहेब, ते वरून येतं.” वरून म्हणजे कुठून? आकाशातून? शेवटी खरे चोर परजिल्ह्यातले निघाले. पोरांना घरी जा म्हणून सांगण्यात आले. बोटवाल्या मालकाने मात्र, ठाण्यात बसून आलेला माणूस पर्यटकांसमोर नको, म्हणून त्याला कामावरून बंद केले.

आता कायद्याकडे येऊ. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. तिच्या कलम ९४ प्रमाणे ठाण्याच्या अधिकाऱ्याला तपासासाठी लागणारा कागद किंवा नोंद लेखी आदेश देऊन मागवता येते. जुन्या संहितेत हेच कलम ९१ होते. मोबाइल कंपनीकडून कॉलच्या नोंदी आणि टॉवरचे ठिकाण याच वाटेने काढले जाते. मागणी वरिष्ठ अधिकाऱ्यामार्फत जाते, एवढाच काय तो अडसर. न्यायदंडाधिकाऱ्यासमोर जावे लागत नाही, कारण सांगावे लागत नाही आणि ज्याचे लोकेशन काढले त्याला ते कधी कळतही नाही. पण याच कलम ९४ च्या तिसऱ्या पोटकलमात एक अपवाद आहे. टपाल खात्याच्या ताब्यातले पत्र, पोस्टकार्ड किंवा पार्सल या कलमाने मागवता येत नाही! त्यासाठी पुढचे कलम ९५ आहे. ते पत्र हवे तर जिल्हा दंडाधिकारी, मुख्य न्यायदंडाधिकारी, सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय यांपैकी कोणाला तरी त्याची गरज पटावी लागते. पोलिस अधीक्षकांना फार तर तो आदेश येईपर्यंत पत्र अडवून ठेवण्यास सांगता येते.

वाचकहो, नीट पाहा. उघडे पोस्टकार्ड, जे पोस्टमन वाचतो, शेजारी वाचतो, ते पोलिसांना हवे असेल तर कायद्याने मध्ये दंडाधिकारी उभा केला आहे. आणि एक माणूस महिनाभर कुठे झोपला, कोणत्या वकिलाकडे गेला, कोणत्या दवाखान्यात गेला, कोणत्या बैठकीला बसला, हे सगळे हवे असेल तर पोलिसांचे पोलिसांनीच ठरवायचे. आज पोस्टकार्ड लिहितो कोण? कुलूप जुन्या रिकाम्या पेटीला, आणि भरलेले घर सताड उघडे, असा हा प्रकार आहे.

हे कुलूप कोणी मागितलेच नव्हते, असे मात्र समजू नका. घटना समितीच्या उपसमितीसाठी बाबासाहेबांनी मार्च १९४७ मध्ये जे निवेदन तयार केले, तेच पुढे ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ म्हणून प्रसिद्ध झाले. आपल्या लोकांना त्यातला शेतीच्या राष्ट्रीयीकरणाचा भाग आठवतो, स्वतंत्र वसाहतींचा भाग आठवतो. पण मूलभूत हक्कांच्या यादीत त्यांनी आणखी एक कलम लिहिले होते. माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची गैरवाजवी झडती व जप्ती होता कामा नये, आणि सबळ कारण शपथेवर मांडल्याशिवाय वॉरंट निघता कामा नये, असा त्याचा आशय आहे. ही तरतूद समितीतल्या बड्या कायदेपंडितांना पटली नाही. तपासात अडथळे येतील, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे ३ डिसेंबर १९४८ रोजी काझी सय्यद करीमुद्दीन यांनी घटना समितीत तशीच दुरुस्ती आणली. बाबासाहेबांनी ती स्वीकारण्याची तयारी सभागृहात बोलून दाखवली. तरीही पुढे मतदानात ती फेटाळली गेली. म्हणजे मसुदा समितीचा अध्यक्ष तयार होता, सभागृह तयार नव्हते! ज्यांना घटनेतला प्रत्येक दोष बाबासाहेबांच्या माथी मारायची सवय आहे, त्यांनी हे एवढे तरी वाचून ठेवावे.

वॉरंटची ही किंमत बाबासाहेबांनाच का कळली? कारण पाळत म्हणजे काय, हे त्यांना ऐकून माहीत नव्हते. त्यांच्या सभांना पोलिसांचे बातमीदार बसत. कोण आले, कोण काय बोलले, किती टाळ्या पडल्या, याचे गुप्त अहवाल मुंबई सरकारकडे जात. शासनाने पुढे प्रसिद्ध केलेल्या साधनग्रंथात ते अहवाल छापलेले आहेत. आज आपण आपल्या चळवळीचा इतिहास त्याच अहवालांवरून लिहितो, हा विनोदच म्हणायचा.

तपासात अडथळे येतील, हे १९४७ चे कारण आजही तसेच पुढे केले जाते. पण त्या रिकाम्या जागेचे परिणाम देशाने भोगले आहेत. खडकसिंग नावाच्या माणसाला १९४१ मध्ये दरोड्याच्या संशयावरून पकडले आणि पुराव्याअभावी सोडले. तरी पोलिसांनी त्याच्या नावाचे ‘हिस्ट्रीशीट’ उघडले. रात्री-अपरात्री दार ठोठावणे, कुठे जातो-येतो त्याची नोंद ठेवणे सुरू झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९६२ मध्ये न्यायालयाने रात्रीच्या भेटी तेवढ्या रद्द केल्या. मागावर राहायला हरकत नाही, खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही, असे बहुमताने ठरवले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळे मत दिले. ज्याच्या प्रत्येक पावलावर पाळत आहे तो मोकळेपणाने फिरतो असे म्हणताच येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. ती बरोबर होती हे मान्य व्हायला पंचावन्न वर्षे गेली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले. त्याच निकालात न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी स्पष्ट केले की, माणूस सार्वजनिक जागेत आला म्हणून त्याचा खासगीपणा संपत नाही. तो जागेला चिकटलेला नसतो, माणसाला चिकटलेला असतो, कारण तो माणसाच्या प्रतिष्ठेचा भाग आहे.

आमच्या बाररूममधले काही मित्र अजूनही हसतात. “रस्त्यावर कसली आली प्रायव्हसी? चारचौघांत फिरायचे आणि चारचौघांनी बघायचे नाही?” चारचौघांनी जरूर बघावे. पण बंदरावरच्या पानवाल्याने आम्हाला सकाळी पाहिले, कणकवलीच्या स्टँडवर कंडक्टरने दुपारी पाहिले आणि सावंतवाडीत कोणी संध्याकाळी पाहिले, तरी ते तिघे एकमेकांना ओळखत नाहीत आणि तिघेही उद्या विसरतात. यंत्र विसरत नाही. ते तिन्ही नजरा एकाच वहीत एकाखाली एक लिहिते. बघणे वेगळे आणि माणसाची रोजनिशी त्याच्या नकळत लिहून ठेवणे वेगळे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही जून २०१८ मध्ये कार्पेंटर खटल्यात हाच फरक केला. तिथे पोलिसांनी एका आरोपीच्या फोनचे १२७ दिवसांचे ठिकाण वॉरंटशिवाय काढले होते. न्यायालय म्हणाले, यापुढे वॉरंट आणा. त्यामुळे तिथले गुन्हेगार मोकाट सुटले असे काही आमच्या ऐकिवात नाही. आपल्याकडेही ८ जुलै २०२४ रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांनी फ्रँक व्हायटस प्रकरणात जामिनाची एक अट रद्द केली. आरोपीने गुगल नकाशावर आपले ठिकाण तपास अधिकाऱ्याला सतत दिसेल असे ठेवावे, अशी ती अट होती. जामिनावरच्या आरोपीचे ठिकाण सतत पाहता येत नाही, तर ज्याच्यावर गुन्हाच नाही त्याचे ठिकाण काढायला साधा आदेशही दाखवायला नको काय?

आणि ‘सार्वजनिक जागा’ हा शब्द आमच्यासमोर जरा जपून वापरावा. ही जागा आम्हाला कोणी सहज दिलेली नाही. १९२३ मध्ये रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव आणला. तरी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला आणि त्याबद्दल डोकी फोडून घ्यावी लागली. त्याआधी रस्त्याने आमचा माणूस चालला की सगळ्या गावाची नजर त्याच्यावर असे. कोणत्या वेळी निघाला, कोणत्या बाजूने गेला, कोणते कपडे घातले! महाराष्ट्रात वेशीवर पहारा द्यायचे, आल्यागेल्याची खबर पाटलाला द्यायचे कामही आमच्याच बापजाद्यांच्या गळ्यात होते. सरकारचा डोळा आम्हीच, आणि सरकारचा संशयही आमच्यावरच. त्या नजरेतून सुटायला आमची माणसे मुंबईला गेली, गिरणीत लागली, गर्दीत मिसळली. शहराने आम्हाला काय दिले? भाकरी दिली, आणि कोणी ओळखत नाही हे सुखही दिले. चेहरा ओळखणारा कॅमेरा ते सुख काढून घेतो.

याचा अर्थ आम्ही कॅमेऱ्याचे शत्रू आहोत काय? अजिबात नाही. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा गावी २८ एप्रिल २०१४ रोजी नितीन आगे या आमच्या सतरा वर्षांच्या मुलाचा खून झाला. त्याला शाळेतून ओढत नेले होते. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. शाळेच्या दारात एक कॅमेरा असता तर? कॅमेरा फितूर होत नाही, त्याला गावात राहायचे नसते. अत्याचाराच्या खटल्यात आम्ही स्वतः फुटेजसाठी अर्ज करतो आणि ते वेळेत न मागितल्याने पुसले गेले म्हणून हातही चोळतो. तेव्हा मालवणच्या बाजारात, आंगणेवाडीच्या जत्रेत, महामार्गाच्या नाक्यावर कॅमेरे हवेत. हरवलेले मूल सापडते, बाईची छेड काढणारा पकडला जातो. आमचे भांडण काचेशी नाही, काचेमागच्या हाताशी आहे.

तो हात कसा चालतो ते परभणीने दाखवले. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, धरपकड झाली. कायद्याचे शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला कोठडीत मरण पावला. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण आले. मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले की, फुटेजमध्ये मारहाण दिसत नाही! शरीर एक सांगते आणि कॅमेरा दुसरे सांगतो, तर विश्वास कोणावर ठेवायचा? शेवटी जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश द्यावा लागला आणि तो सर्वोच्च न्यायालयात टिकला. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीरसिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्याच्या दारापासून कोठडीपर्यंत कॅमेरे बसवा, फुटेज १८ महिने आणि ते शक्यच नसेल तर किमान वर्षभर ठेवा, असे बजावले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून बंद कॅमेऱ्यांची स्वतःहून दखल घ्यावी लागली. रस्त्यावरचा कॅमेरा चोवीस तास डोळे उघडे ठेवतो, आणि कोठडीतल्याला नेमकी त्या रात्री झोप लागते. आमच्या त्या पोराला ठाण्यात बसवले होते त्या दोन दिवसांचे फुटेज आम्ही मागितले. “कॅमेरा नादुरुस्त होता,” असे उत्तर आले.

यंत्र जात पाहत नाही, असे आम्हाला वारंवार ऐकवले जाते. यंत्र जात पाहत नसेल, पण यंत्राला शिकवायला दिलेली वही जात पाहूनच लिहिली असेल तर? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमाती ऑगस्ट १९५२ मध्ये विमुक्त झाल्या. पण सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांमधून आणि ठाण्याच्या रजिस्टरांतून ती नावे पुढे चालूच राहिली. ७ मे २०२४ रोजी अमानतुल्ला खान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच ही खंत नोंदवली. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त आणि मागास समाजातल्या निष्पाप माणसांची नावे केवळ पूर्वग्रहातून हिस्ट्रीशीटमध्ये चढू नयेत, याची काळजी घ्या, असे सर्व राज्यांना सांगितले. महाराष्ट्रातल्या ठाण्यांची जुनी रजिस्टरे तपासून, चाळून, नावे कमी करून मग यंत्रात घातली काय? की होती तशीच टाइप केली? चेहरा ओळखण्याचेही तेच. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकारात उत्तर दिले की, ८० टक्के चेहरा जुळला की ते तो जुळला असे धरतात. म्हणजे वीस टक्के दुसऱ्याचा चेहरा असला तरी चालेल! अमेरिकेत २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन संशोधक बायकांनी बाजारातली यंत्रे तपासली. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष एवढेच सांगताना गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक एक टक्क्याच्या आत होती, काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती सुमारे ३५ टक्क्यांपर्यंत गेली. उन्हात काम करणाऱ्या आमच्या आयाबहिणींचे चेहरे या यंत्राला कसे दिसतील, याची चाचणी कोणी घेतली आहे काय?

आमच्या दर्यावर मात्र थोडी वेगळी गोष्ट आहे आणि ती सांगितली पाहिजे. २६/११ च्या वेळी दहशतवादी समुद्रातून आले, तेव्हापासून मच्छीमाराला ओळखपत्र आले. ऑगस्ट २०२४ मध्ये देशभरातल्या एक लाख यांत्रिक नौकांवर ठिकाण कळवणारे ट्रान्सपॉन्डर बसवण्याची योजना पालघरला सुरू झाली. जानेवारी २०२५ पासून मत्स्य विभागाचे ड्रोनही किनाऱ्यावर उडू लागले. पारंपरिक मच्छीमाराने याला विरोध केला नाही. उलट एलईडी लावून आणि पर्ससीन टाकून समुद्र खरवडून नेणाऱ्या धनदांडग्यांना पकडा, ही मागणी रापणवाल्यांनीच वर्षानुवर्षे लावून धरली होती. वादळात बोट सापडावी म्हणून ठिकाण कळवणे आणि धनदांडग्याच्या जाळ्यावर नजर ठेवणे यात उद्देश स्वच्छ आहे. उद्या तीच नोंद मोर्चाला कोणाची बोट आली आणि कोणाची आली नाही हे पाहायला वापरली, तर तो उद्देश राहील काय? त्याला अडवणारा कायद्याचा शब्द आम्हाला कुठे दिसत नाही. २०२३ चा विदा संरक्षण कायदा आला खरा, पण त्याच्या कलम १७ ने केंद्र सरकारला आपल्याला हव्या त्या सरकारी यंत्रणा त्यातून वगळण्याची मुभा देऊन ठेवली आहे.

हे सगळे फक्त चोरांसाठी आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी दोडामार्गची हद्द ओलांडून गोव्यातल्या साखळीला जाऊन यावे. तिथल्या व्यवस्थापन संस्थेत डॉ. आनंद तेलतुंबडे शिकवत होते. ऑगस्ट २०१८ मध्ये ते घरी नसताना त्यांच्या घराची झडती झाली. २०१९ मध्ये ज्यांच्या फोनमध्ये पेगॅसस घुसवण्याचा प्रयत्न झाल्याचे व्हॉट्सअॅपने कळवले, त्यांत त्यांचेही नाव होते. १४ एप्रिल २०२० रोजी, म्हणजे जयंतीच्या दिवशी, त्यांना शरण जावे लागले. उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये जामीन दिला, तोवर अडीच वर्षे तुरुंगात गेली होती. पाळत ठेवणारे हात केवळ सरकारी असतात असेही नाही. २०१३ मध्ये अरुण जेटली यांच्यासारख्या बड्या नेत्याच्या कॉलच्या नोंदी चोरून काढल्याचे उघडकीस आले, आणि २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी अशा नोंदी विकणाऱ्या खासगी गुप्तहेरांना पकडले. जी गोष्ट कागदाशिवाय निघते, ती पैशालाही निघते.

म्हणून आम्ही सध्या दोन कामे हातात घेतली आहेत. पहिले, जिल्हा पोलिस कार्यालयात दहा रुपयांचा स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला आहे. जिल्ह्यात पोलिसांचे किती कॅमेरे आहेत, फुटेज किती दिवस राहते, ते कोणाला पाहता येते, चेहरा ओळखणारी प्रणाली त्याला जोडली आहे काय, मागच्या वर्षी किती नंबरांचे लोकेशन मागवले आणि त्यांतल्या किती प्रकरणांत दोषारोपपत्र गेले, ठाण्यांतले किती कॅमेरे बंद आहेत, एवढेच विचारले आहे. कोणाचे नाव मागितलेले नाही, आकडे मागितले आहेत. असाच अर्ज आपापल्या जिल्ह्यात कोणीही करू शकतो आणि त्यासाठी वकील लागत नाही. ज्यांना ‘चौकशीसाठी’ बोलावणे येईल त्यांनी संहितेच्या कलम ३५ खालची लेखी नोटीस मागावी. मोबाइल काढून घेतला तर पंचनाम्याची प्रत मागावी. कोऱ्या कागदावर सही करू नये. संसदेत बसलेल्या आपल्या माणसांनी कलम ९५ मध्ये पोस्टकार्डाच्या शेजारी मोबाइलचे ठिकाण हे शब्द घालण्याची दुरुस्ती मांडावी. एका ओळीचे काम आहे, आणि बाबासाहेबांनी ते १९४७ मध्येच करून ठेवले होते.

दुसरे काम त्या पोराच्या मोबाइलचे. चोर सापडले, माल सापडला, तरी फोन अजून ठाण्यातच आहे. पंचनाम्यात त्याचा उल्लेख नाही, म्हणून तो मुद्देमाल नाही. आणि मुद्देमाल नाही म्हणून परत कशाच्या आधारे द्यायचा, असा तिथल्या हवालदाराचा प्रश्न आहे. फोन परत मिळण्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे केलेल्या अर्जावर पुढच्या सोमवारी तारीख आहे.